नाक जमलं, पुढे काय?

लेखक-लेखिकांच्या आयुष्यावर चित्रपट काढणाऱ्या सर्व दिग्दर्शकांना आणि पटकथाकारांना,



मी तुमच्या चित्रपटांची तिकिटं काढणाऱ्यांपैकी एक आहे आणि ज्यांच्यावर तुम्ही चित्रपट काढता त्यांची पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकीही. त्यामुळे तक्रार करायचा थोडाफार हक्क दोन्ही बाजूंनी पोचतो, असं धरून चालतो. पत्र जरा लांबेल. तुमचे चित्रपट आम्ही दोन-अडीच तास मान वर करून बघतो, तेव्हा तुम्हीही सांभाळून घ्याल.

उदाहरणासाठी मी मुद्दाम एक चांगला चित्रपट निवडलाय. वाईट चित्रपटाशी भांडून काही हाती लागत नाही. 2002चा ‘द अवर्स’. स्टीफन डॉल्ड्रीचं दिग्दर्शन, डेव्हिड हेअरची पटकथा, मायकल कनिंगहॅमच्या पुलित्झर मिळालेल्या कादंबरीचा आधार, फिलिप ग्लासचं संगीत. तीन बायका, तीन काळ, प्रत्येकीचा एक दिवस. त्यांतली एक व्हर्जिनिया वुल्फ. साल 1923, लंडनलगतचं रिचमंड, आणि ती ‘मिसेस डॅलोवे’ लिहायला बसली आहे. निकोल किडमनने ही भूमिका केली आणि ऑस्कर नेलं. डावखुऱ्या किडमनने उजव्या हाताने लिहायचा सराव केला. तिला कृत्रिम नाक लावलं गेलं, आणि त्या नाकावर वर्तमानपत्रांनी इतकं लिहिलं की वुल्फची चरित्रकार हर्मायनी ली हिने पुढे आपल्या एका निबंधाचं नावच ‘व्हर्जिनिया वुल्फचं नाक’ असं ठेवलं. चित्रपटानंतर ‘मिसेस डॅलोवे’चा खप वाढला, हेही खरं. तेवढ्याबद्दल तुमचे आभार आधीच मानून ठेवतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल.

पहिली तक्रार मृत्यूबद्दल आहे. चित्रपट 1941च्या मार्चमध्ये, ससेक्समधल्या ऊझ नदीच्या काठी सुरू होतो आणि तिथेच संपतो. मधलं सगळं या दोन टोकांच्या आत बसवलेलं. एकदा सुरुवातीलाच नदी दाखवली की पुढे ती बाई चहा पिते, भाच्यांशी बोलते, मेलेल्या पक्ष्याकडे बघते, ते सगळं आपण अपशकुन म्हणूनच बघू लागतो. प्रेक्षकाला दुसरा पर्यायच तुम्ही ठेवलेला नसतो.

आणि इथे तुम्ही एक फार मोठी गोष्ट गाळलीत. 1923च्या त्या दिवशी जी बाई आपल्यासमोर बसली आहे, तिने तिची मोठी पुस्तकं अजून लिहिलेलीच नाहीत. ‘मिसेस डॅलोवे’ यायचं आहे 1925ला, ‘टू द लाइटहाउस’ 1927ला, ‘ऑर्लँडो’ 1928ला, ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ 1929ला, ‘द वेव्ह्ज’ 1931ला. ‘द इयर्स’ तर 1937 साली अमेरिकेत धडाक्याने खपलं आणि त्याच वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो आला. तुमचा कॅमेरा रिचमंडहून निघतो तो थेट नदीवर. मधली अठरा वर्षं, म्हणजे जिच्यामुळे आपण तिचं नाव घेतो ती सगळी कमाई, एका कटमध्ये गेली. किडमन दोन्ही काळांत तिशीतलीच दिसते, त्यामुळे प्रेक्षकाला वाटतं की हे एकाच आठवड्यात घडलं असावं. प्रत्यक्षात ती 59 वर्षांची होती.

पडद्यावर 1941 हा आकडा येतो, पण त्या आकड्याच्या पोटात काय होतं ते येत नाही. 1940च्या सप्टेंबरात लंडनमधल्या मेक्लेनबर्ग स्क्वेअरच्या घराला बॉम्बचा तडाखा बसला. ऑक्टोबरात टॅव्हिस्टॉक स्क्वेअरचं जुनं घर जमीनदोस्त झालं आणि मेक्लेनबर्गच्या घरातल्या पडझडीतून तिने आपल्या रोजनिशीच्या वह्या शोधून काढल्या. ससेक्समधल्या रॉडमेलच्या घरावरून जर्मन विमानं लंडनकडे जायची. नवरा लेनर्ड ज्यू. नाझींनी इंग्लंडमध्ये अटक करायच्या माणसांची यादी करून ठेवली होती, तीत दोघांची नावं होती. नवी कादंबरी ‘बिट्वीन द अॅक्ट्स’ नुकतीच लिहून झालेली आणि तिच्या मते फसलेली. त्यात जुना आजार पुन्हा डोकं वर काढतोय ही भीती. ती गेल्यावर ‘संडे टाइम्स’मध्ये एका बिशपच्या पत्नीचं पत्र आलं, की देशावर अशी वेळ असताना या बाईने धीर सोडायला नको होता. लेनर्डला बायकोच्या मृत्यूनंतर अवघ्या काही आठवड्यांत जाहीर खुलासा करावा लागला, की ती युद्धाला कंटाळून गेली नाही, जुनं दुखणं परत येईल या भयाने गेली. आता यातून एक सरळ कारण काढून दाखवा. निघत नाही ना? मग पडद्यावर ते इतकं स्वच्छ, पानाफुलांत आणि पियानोत भिजलेलं का दिसतं? अशा प्रसंगांच्या चित्रणाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली खास चित्रपट-नाटकवाल्यांसाठी पुस्तिका काढली आहे. ‘द अवर्स’च्या वेळी ती नव्हती. आता आहे.

दुसरी तक्रार कामाबद्दलची, आणि माझ्या दृष्टीने तीच मुख्य.

तुमच्या चित्रपटांत लेखक लिहितो म्हणजे काय करतो? खिडकीबाहेर बघतो. सिगारेट पेटवतो. मग डोळ्यांत चमक येते आणि पहिलं वाक्य उतरतं. ‘द अवर्स’मध्येही पहिलं वाक्य असंच येतं. प्रत्यक्षातली ‘मिसेस डॅलोवे’ आधी एक कथा होती. ती 1923च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ‘द डायल’ मासिकात छापून आली. ती कथा वाढत वाढत कादंबरी झाली. पहिल्या आराखड्यात सेप्टिमस हे पात्रच नव्हतं आणि शेवटी नायिका क्लॅरिसा मरणार होती, हे तिने पुढे 1928 साली एका प्रस्तावनेत सांगून टाकलं. म्हणजे युद्धातून डोकं बिघडून परतलेला तो शिपाई बांधकामाच्या ओघात आत आला आणि त्याने मरण आपल्या अंगावर घेतलं. तुमच्या चित्रपटात हा निर्णय उदास नजरेच्या एका क्षणात होतो. वास्तविक तो आराखड्यांच्या खाडाखोडीतून आलेला आहे. कादंबरी 1924च्या ऑक्टोबरात पुरी झाली आणि त्याच काळात ती ‘द कॉमन रीडर’ हा निबंधसंग्रह सिद्ध करत होती, त्यासाठी ग्रीक वाचत होती. दोन्ही पुस्तकं 1925 साली तीन आठवड्यांच्या अंतराने बाहेर पडली. एवढं काम करणारी बाई तुम्हाला दिवसभर दारं-खिडक्यांपाशी उभी राहिलेली सापडते, याचं नवल वाटतं.

आणि छापखाना! 1917च्या मार्चमध्ये या नवरा-बायकोने लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या दुकानातून हातयंत्र आणि खिळे विकत घेतले, एकोणीस पौंड आणि वर काही शिलिंग मोजून. यंत्र ठेवलं जेवणघरात. सोबत आलेली छोटी पुस्तिका वाचून दोघं छपाई शिकली. त्या वर्षी दोघांची एकेक कथा असलेलं पहिलं पुस्तक निघालं, सुमारे 150 प्रतींचं. मग लेखिका कॅथरीन मॅन्सफिल्ड आली, कवी एलियट आला. ‘द अवर्स’मध्ये छापखाना दिसतो, नाही असं नाही. पण तो नवऱ्याचा कारभार म्हणून दिसतो, आणि स्टेशनवरच्या भांडणात लेनर्ड सांगतो की तो तुझ्या उपचारासाठी काढला. बायकोचं मन रमावं हा हेतू होता, हे खऱ्या लेनर्डनेही लिहून ठेवलंय. पण हेतूवर थांबलात तर छापखाना औषधाची बाटली होऊन बसतो. तिच्या पहिल्या दोन कादंबऱ्या तिच्या सावत्र भावाने, जेराल्ड डकवर्थने छापल्या होत्या. लहानपणी ज्याने तिच्या अंगाला हात लावला होता, त्याच्याच मेजावर आपलं हस्तलिखित नेऊन ठेवायचं. ‘जेकब्ज रूम’ या तिसऱ्या कादंबरीपासून ते संपलं. पुढे हवं ते, हवं तसं लिहायचं स्वातंत्र्य तिला त्या यंत्राने दिलं.

तुमच्या हातून निसटलेलं एक दृश्य सांगतो. 1923च्या जुलैमध्ये ती एका मैत्रिणीला पत्र लिहिते. त्यात कळवते की एलियटची अख्खी दीर्घ कविता आपण स्वतःच्या हातांनी जुळवून नुकतीच संपवली, म्हणून अक्षर हे असं थरथरतंय. ती कविता म्हणजे ‘द वेस्ट लँड’. त्या सप्टेंबरात ती त्यांच्या छापखान्याने, म्हणजे हॉगर्थ प्रेसने काढली, साडेचारशेच्या आसपास प्रती. तुमच्या चित्रपटातलंच साल, तेच गाव, तीच बाई. विसाव्या शतकातली सर्वांत गाजलेली इंग्रजी कविता ती एकेक खिळा उचलून, उलट्या अक्षरांत, ओळ ओळ करून लावते आहे. एलियटच्या ओळींमधल्या मोकळ्या जागांनी कंपोझिटरला काय छळलं असेल! आपल्याकडे खिळे जुळवणारी माणसं आता फारशी उरली नाहीत, पण ज्यांनी ते केलंय त्यांना विचारा, दिवसअखेर बोटांचं काय होतं ते. पडद्यावर तिचा हात थरथरतो तो मनाच्या अस्वस्थतेने. माझ्या मते कुणीही पटकथाकार हे पत्र वाचून हातचं जाऊ देणार नाही. म्हणूनच शंका येते की ते वाचलंच गेलं नसावं. रोजनिशीचे पाच खंड आणि पत्रांचे सहा खंड 1975 ते 1984 या काळात छापून झालेले होते.

स्टेशनचा उल्लेख आलाच आहे. चित्रपटातला सर्वांत गाजलेला प्रसंग तोच. व्हर्जिनिया घरातून गुपचूप निसटते, लंडनची गाडी पकडायला रिचमंड स्टेशनवर येऊन बसते, लेनर्ड धापा टाकत शोधत येतो, आणि या गावात राहण्यापेक्षा मरण बरं असं ती त्याला सुनावते. किडमन आणि स्टीफन डिलेन दोघंही अप्रतिम. मूळ प्रसंग 1923च्या ऑक्टोबरातल्या रोजनिशीत आहे. त्या रात्री वाऱ्याने थैमान घातलेलं आणि लेनर्डला घरी यायला उशीर झालेला. ती काळजीने स्टेशनवर गेली, गाड्या येत राहिल्या, तो उतरेना. मग घाबऱ्या जिवाने तिने लंडनचं तिकीट काढलं आणि तेवढ्यात तो आला. म्हणजे ती त्याच्यापासून पळत नव्हती, त्याच्याकडे निघाली होती. दिशा बदलली की नातंही बदलतं. तुम्हाला पळणारी आजारी बायको आणि पहारा देणारा नवरा हवा होता. नवऱ्याची वाट बघून कासावीस झालेली बायको हवी नव्हती, कारण ती फारच आपल्यासारखी निघाली असती.

तिचं हसू कुठे ठेवलंत? 1910 साली दाढी चिकटवून, चेहरा काळा करून, अॅबिसिनियाचा राजपुत्र म्हणून ब्रिटिश आरमाराच्या ‘ड्रेडनॉट’ युद्धनौकेवर सलामी घेऊन आलेल्या टोळक्यात ती होती. 1927 साली पुस्तकांच्या पैशातून जुनी सिंगर गाडी घेतल्यावर तिला किती हुरूप आला होता ते रोजनिशीत बघा. तिच्या पत्रांतली कुचाळकी वाचताना हसू आवरत नाही. आणि बरोबरीने तिचे दोषही आहेत, तेही तुम्ही पुसून टाकलेत. नेली बॉक्सल ही स्वयंपाकीण 1916 पासून 1934 पर्यंत त्या घरात होती. चित्रपटात ती तुसडी, डोळे वटारणारी, आलं आणायला लंडनला पिटाळलेली बाई म्हणून येते. प्रत्यक्षात व्हर्जिनियाने रोजनिशीत नेलीबद्दल जे लिहिलंय ते वाचवत नाही. कुत्सित, क्षुद्र, कधी निव्वळ दुष्ट. ज्यूंबद्दलही तिने, ज्यू नवऱ्याच्या घरात राहून, नको ते लिहिलं. अॅलिसन लाइट या अभ्यासिकेने तिच्या आणि नोकरमाणसांच्या संबंधांवर 2007 साली अख्खं पुस्तक लिहिलं. आजारी संत दाखवणं सोपं असतं. बायकांच्या स्वातंत्र्यावर जिने निर्णायक पुस्तक लिहिलं तिलाच स्वतःच्या स्वयंपाकिणीशी धड वागता येईना, हे दाखवायला धैर्य लागतं आणि चांगली नटीही. नटी तुमच्याकडे होती.

पैशाबद्दल तर तुम्ही बोलतच नाही. ती सतत बोलायची. बाईला लिहायचं असेल तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी, असं तिने 1928च्या ऑक्टोबरात केंब्रिजच्या मुलींसमोरच्या व्याख्यानांत मांडलं, त्यातून ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक झालं. पुस्तकातल्या निवेदिकेला हे पाचशे पौंड कुठून मिळतात, ठाऊक आहे? तिची आत्या मुंबईत घोड्यावरून हवा खायला निघालेली असताना पडून मरते आणि मृत्युपत्रात भाचीसाठी तेवढी सोय करून जाते. इंग्रजी साहित्यातल्या त्या स्वतंत्र खोलीचं भाडं आमच्या मुंबईतून गेलं, ही माझी आवडती गंमत. तिचा वसाहतीशी संबंध कल्पनेपुरताच नव्हता. तिची आई कलकत्त्यात जन्मलेली आणि नवरा लग्नाआधी सिलोनमध्ये सरकारी अंमलदार होता. पण हे चित्रपटात मागितलं तर तुम्ही म्हणाल, आता काय काय कोंबायचं?

तुमचं नेहमीचं उत्तर मला माहीत आहे. आम्ही चरित्र काढलं नाही, कादंबरीवर चित्रपट काढला. कबूल. मग तिने नवऱ्याला लिहिलेलं शेवटचं खरं पत्र पडद्यावर का वाचून दाखवता? खऱ्या माणसाच्या सर्वांत खासगी कागदाचा भार तुम्हाला हवा असतो, तर त्या माणसाच्या बाकीच्या कागदांचं ओझंही थोडं उचला.

ही खोड एकाच चित्रपटाची नाही. ‘आयरिस’ हा 2001चा चित्रपट घ्या. आयरिस मरडॉकने 26 कादंबऱ्या लिहिल्या, 1978चं बुकर मिळवलं. चित्रपट तिच्या नवऱ्याच्या आठवणींवर आधारलेला, म्हणून त्यात तारुण्यातलं पोहणं आहे आणि म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश आहे. मधल्या चाळीसेक वर्षांत ती काय करत होती, हे जूडी डेंचच्या इतक्या उत्तम अभिनयानंतरही कळत नाही. सिल्व्हिया प्लाथवरच्या 2003च्या चित्रपटाला तर तिच्या मुलीने कविता वापरायची परवानगीच दिली नाही. कवितांना बाजूला ठेवून कवयित्रीवर चित्रपट पुरा करावासा वाटला, यातच सगळं आलं.

हे जमतच नाही असं मात्र म्हणू नका. पॉल श्रेडरचा 1985चा ‘मिशिमा’ बघा. युकिओ मिशिमाचा 25 नोव्हेंबर 1970चा शेवटचा दिवस तिथेही सांगाडा म्हणून आहेच, म्हणजे माझी पहिली तक्रार त्यालाही लागू. पण श्रेडरने त्याच्या तीन कादंबऱ्या पडद्यावर उभ्या केल्या. भूतकाळ कृष्णधवल, आणि कादंबऱ्या मात्र एइको इशिओकाच्या उघड-उघड नाटकी, सोनेरी-गुलाबी नेपथ्यात. बघणाऱ्याला कळतं की हा माणूस जगत होता त्याहून अधिक गडद रंगांत लिहीत होता. संगीत तिथेही फिलिप ग्लासचंच, तेव्हा दोष पियानोचा नाही. नंदिता दासने 2018च्या ‘मंटो’मध्ये मंटोच्या पाच कथा त्याच्या आयुष्यात विणल्या. सगळ्या सारख्या उतरल्या नाहीत, तरी बाहेर पडताना प्रेक्षकाच्या मनात दारूची बाटली आणि ‘टोबा टेक सिंग’ दोन्ही असतात.

आता मागण्या. आपल्याकडेही चरित्रपटांची लाट आहे, म्हणून त्या मराठी मंडळींपुढे जास्त आग्रहाने ठेवतो. उद्या कुणी जी. ए. कुलकर्णींवर चित्रपट काढायला घेईल. धारवाडचं घर, काळा चष्मा, लोकांना टाळणं, एवढ्यावर पटकथा लिहून होईल आणि काळा चष्मा म्हणजे दुसरं कृत्रिम नाक होईल. कृपा करून त्यांना वर्गात इंग्रजी शिकवताना दाखवा. कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणताना एखाद्या शब्दाशी अडलेले दाखवा. सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांतले मिस्कील जी. ए. दाखवा. ‘काजळमाया’ला मिळालेलं अकादमीचं पारितोषिक परत करणारा माणूस हे एक दृश्य झालं, पण ‘काजळमाया’ लिहिणारा माणूस हा चित्रपट आहे.

पटकथा लिहिण्याआधी त्या लेखकाची सगळी पुस्तकं वाचा. संशोधकाने काढलेला गोषवारा चालणार नाही. एखादं तरी दृश्य असं ठेवा, ज्यात लेखक लिहिलेलं खोडतो आणि का खोडतो ते आम्हाला समजतं. मुद्रितं तपासणं, मानधनासाठी तगादा, संपादकाशी वाद, छापखान्यातली शाई यांत नाट्य नाही असं वाटत असेल तर एकदा एखाद्या जुन्या प्रकाशकाबरोबर तासभर बसा. आजार दाखवायचाच तर ‘मिसेस डॅलोवे’तला डॉक्टर सर विल्यम ब्रॅडशॉ आठवा. तिला लिहायला बंदी करून दूध पाजत अंथरुणात निजवणाऱ्या डॉक्टरांचा सूड तिने त्या पात्रातून किती थंड डोक्याने घेतलाय! आजाराने तिच्याकडून पुस्तक लिहवून घेतलं नाही, तिने आजाराला पुस्तकात कामाला लावलं. आणि मृत्यूने चित्रपट सुरू करायचा मोह अगदीच आवरत नसेल, तर निदान शेवट दुसऱ्या कशाने करा.

शेवटच्या काळ्या पडद्यावर तुम्ही ती नेहमीची पाटी टाकता, अमुक साली निधन. तिथे जागा पुष्कळ असते. वुल्फच्या बाबतीत नऊ कादंबऱ्यांची नावं सहज मावली असती. पुढच्या चित्रपटात तेवढं करा, तिकीट मी पहिल्या दिवसाचं काढतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक आणि प्रेक्षक
पुणे